मॅडम, तुम्ही शिकवत का नाही?

वाचकाचे पत्र: मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला मेडिकल-सर्जिकल नर्सिंग शिकवते. वर्गात ६० विद्यार्थी आहेत. एका प्रशिक्षणात गटांतून, प्रश्नांच्या आधारे शिकवण्याच्या पद्धतीविषयी ऐकले आणि उत्साहाने सुरुवात केली. सहा-सहा जणांचे दहा गट केले, शॉकचे, म्हणजे शरीराला पुरेसा रक्तपुरवठा न होण्याच्या गंभीर अवस्थेचे, निरनिराळे प्रकार गटांना वाटून दिले आणि चर्चा करून मांडणी करायला सांगितले. प्रत्येक गटात एखादी हुशार मुलगी पुस्तक उघडून लिहीत बसली आणि बाकीचे मोबाईल बघत राहिले. मांडणी म्हणजे पुस्तकातला उतारा मोठ्याने वाचणे, एवढेच झाले. दोन आठवड्यांनी वर्गप्रतिनिधी भेटायला आले आणि म्हणाले, ‘मॅडम, गटचर्चा नको. तुम्ही शिकवत का नाही?’ सहकारी म्हणतात की अशाने अर्धा अभ्यासक्रम राहून जाईल. मी पुन्हा जुन्या पद्धतीने शिकवू लागावे का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण पत्र पाठवल्यापासून तुम्ही त्याचीच वाट पाहत असाल. जुन्या पद्धतीकडे पूर्णपणे परत जाऊ नका. मात्र त्या दोन आठवड्यांत जे झाले त्याचे खापर विद्यार्थ्यांच्या आळसावर फोडून, मोबाईल जमा करून आणि गटांवर वचक बसवून तोच प्रयोग पुन्हा करण्याचा बेत असेल, तर त्यापेक्षा व्याख्यान बरे. तुमचे विद्यार्थी बिघडलेले नाहीत आणि तुमचा हेतूही चुकलेला नाही. चूक गटांच्या हातात दिलेल्या कागदात होती. नेमके सांगायचे तर, त्यांच्या हातात कागदच दिलेला नव्हता.

तुम्ही गटाला विषय दिला. ‘कार्डिओजेनिक शॉक’ (हृदय नीट रक्त ढकलू न शकल्याने येणारा शॉक) हा विषय झाला, ते काही काम नव्हे. विषय मिळाला की कोणतीही शहाणी व्यक्ती पुस्तकाचे ते पान उघडते, आणि एका पानाला सहा वाचक लागत नाहीत. जी मुलगी लिहीत होती तिने काम लवकर संपवण्याचा सर्वांत सरळ मार्ग धरला आणि उरलेल्या पाच जणांनी तिच्या मध्ये न येण्याचा शहाणपणा दाखवला. फ्रेंच अभियंता रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढायला लावून घेतलेली मोजमापे १९१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ओढणारी माणसे वाढत जातात तसतसा दर माणसामागचा जोर घटत जातो, असे त्यांत दिसले होते. तिथे निदान दोर सर्वांच्या हातात होता. तुमच्या गटांत तो एकीच्याच हातात होता.

प्रशिक्षणात तुम्हाला बहुधा दोन वेगळ्या पद्धती एकत्र कालवून दिल्या गेल्या असाव्यात, म्हणून त्या थोड्या सुट्या करते. एक ‘प्रोसेस ओरिएंटेड गायडेड इन्क्वायरी लर्निंग’, म्हणजे मार्गदर्शित शोध-अध्ययन, जिला बोलताना सगळे ‘पोगिल’ म्हणतात. ती १९९४ मध्ये अमेरिकेतील फ्रँकलिन अँड मार्शल महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या वर्गांतून सुरू झाली आणि पुढे इतर विषयांत, नर्सिंगमध्येही आली. तिचा कणा त्याहून जुना आहे: भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट कार्प्लस यांनी १९६० च्या दशकात शालेय विज्ञानासाठी वापरलेले अध्ययनचक्र. आधी विद्यार्थ्यांनी समोरची माहिती न्याहाळायची, मग तिच्यातून त्यांच्याच तोंडून संकल्पना निघायची, आणि शेवटी ती संकल्पना नव्या प्रसंगाला लावून बघायची. या पद्धतीत गट तीन-चार जणांचा असतो, प्रत्येकाला ठरलेली भूमिका असते आणि सगळी भिस्त शिक्षकाने आधी तयार केलेल्या कार्यपत्रिकेवर असते. दुसरी पद्धत ‘टीम बेस्ड लर्निंग’. ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस ओक्लाहोमा विद्यापीठात लॅरी मायकेलसन यांनी मोठ्या वर्गाच्या गरजेतून बांधली. तिच्यात गट पाच ते सात जणांचा असतो, विद्यार्थी घरी वाचून येतात, छोटी चाचणी आधी एकेकट्याने आणि लगेच तीच चाचणी गटाने मिळून देतात, आणि मग सर्व गट एकाच प्रसंगावर, एकच नेमका पर्याय निवडून, एकाच वेळी उत्तर दाखवतात.

तुम्ही गटाचा आकार दुसऱ्या पद्धतीतून घेतलात, पण तिची चाचणी घेतली नाहीत; शोधाचे नाव पहिल्या पद्धतीचे घेतलेत, पण तिची कार्यपत्रिका आणि भूमिका घेतल्या नाहीत. शिवाय प्रत्येक गटाला वेगळा विषय दिल्यामुळे एका गटाच्या मांडणीत दुसऱ्या गटाला काडीचाही रस राहिला नाही. ज्या प्रश्नाशी आपण स्वतः झगडलो नाही, त्याचे दुसऱ्याने दिलेले उत्तर ऐकताना माणूस मोबाईलच बघतो. विभागाच्या बैठकीत आपणही दुसरे काय करतो?

आता कार्यपत्रिका म्हणजे काय ते सांगते, आणि उदाहरण मुद्दाम तुमच्याच विषयातले घेते. वर्गात शॉकची व्याख्या सांगू नका. पुस्तक बंद ठेवून प्रत्येक गटाला एका काल्पनिक रुग्णाचा चार तासांचा तक्ता द्या. वय ४६, वजन ६० किलो, पोटाची शस्त्रक्रिया होऊन दुपारी वॉर्डात आलेला. दोन वाजता नाडी ८४, रक्तदाब १२४/७६, श्वसन १६, तासाभराची लघवी ५० मिली. तीन वाजता नाडी ९६, रक्तदाब १२२/८२, श्वसन २०, लघवी ३८ मिली. चार वाजता नाडी १०८, रक्तदाब ११८/८८, श्वसन २४, लघवी २५ मिली, आणि शेऱ्याच्या रकान्यात एवढेच: ‘रुग्ण अस्वस्थ, सारखे पाणी मागतो, हातपाय गार.’ पाच वाजता नाडी १२६, रक्तदाब ९२/६६, श्वसन ३०, लघवी १० मिली, अंगाला घाम.

पहिला प्रश्न इतका सोपा हवा की वर्गातल्या सर्वांत मागे पडलेल्या विद्यार्थ्यालाही तो नुसता तक्ता वाचून सोडवता यावा. दोन ते चार या वेळेत वरचा रक्तदाब किती उतरला आणि नाडी किती वाढली? सहा आणि चोवीस. दुसऱ्या प्रश्नात थोडे हात चालवायला लावा: दर तासाच्या वरच्या आणि खालच्या रक्तदाबातील फरक काढा. उत्तरे ४८, ४०, ३०, २६ अशी येतात, आणि ही आकड्यांची उतरंड कागदावर उभी राहिली की गटात पहिल्यांदा कोणीतरी ‘अरे, थांब’ म्हणते. मी हा तक्ता अनेक वर्गांत वापरला आहे, आणि ते ‘अरे, थांब’ ऐकू आले की दिवस सार्थकी लागतो.

तिसरा प्रश्न अवघड, आणि कार्यपत्रिका बहुधा इथेच फसते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तक्त्यात आहेत. तिसऱ्याचे उत्तर तक्त्यात नाही, ते तक्त्यावरून विद्यार्थ्यांनी बांधायचे आहे. इथे ‘शॉकमध्ये शरीर भरपाई कशी करते?’ असे विचारलेत, तर तुम्ही संकल्पना आधीच सांगून मोकळ्या झालात आणि गट पुन्हा पुस्तकाकडे वळला. ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारलेत, तर प्रश्न इतका सैल की कोणतेही उत्तर चालेल. म्हणून मी तिथे एक माहिती देते आणि तिच्यावर प्रश्न टाकते: हृदय मिनिटाला जितके रक्त पुढे ढकलते, ते प्रमाण नाडीचे ठोके आणि दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त यांच्या गुणाकाराएवढे असते. या रुग्णाच्या दर ठोक्याचे रक्त कमी होत चालले आहे असे समजा. रक्तदाब चार वाजेपर्यंत जवळजवळ टिकून राहिला, तर तो कोणी टिकवला? तक्त्यातील कोणत्या दोन आकड्यांवरून तुम्ही हे म्हणता? मुले आधी नाडीवर बोट ठेवतात. खालचा रक्तदाब ७६ वरून ८८ वर का चढला, याचे उत्तर यायला वेळ लागतो. पण हातपाय गार असल्याचा शेरा कोणीतरी पुन्हा वाचते आणि रक्तवाहिन्या आवळल्या गेल्याचे गटातल्या गटात उमगते. मग लघवीचा प्रश्न: मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त शरीर कोणासाठी वाचवत आहे? ६० किलोच्या माणसाला ताशी दर किलोमागे ०.५ मिली या हिशेबाने किमान किती लघवी व्हायला हवी, आणि ती मर्यादा कोणत्या तासाला ओलांडली गेली? तीस मिली, आणि चार वाजता.

यानंतर, आणि यानंतरच, कार्यपत्रिकेवर शब्द येतो: भरपाईचा टप्पा, कॉम्पेन्सेटेड शॉक. गोष्ट हातात आल्यावर तिचे नाव कळले तर ते लक्षात राहते. नाव आधी सांगितले की मुले नावच पाठ करतात आणि गोष्ट राहून जाते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे सहकारी विचारतील, तर त्यांना हाच तक्ता दाखवा आणि विचारा की ‘शॉक म्हणजे रक्तदाब कमी, नाडी जलद’ एवढे पाठ केलेली नवी सिस्टर डॉक्टरांना किती वाजता बोलावेल. पाच वाजता. तिने काहीही चुकीचे पाठ केलेले नाही, आणि तरीही तिचा एक अख्खा तास गेला. या रुग्णाला आत रक्तस्राव होत आहे. एरवी निरोगी असलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातले सुमारे ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचा रक्तदाब बऱ्याचदा टिकून राहतो; ६० किलोच्या माणसाच्या अंगात सुमारे ४.२ लिटर रक्त असते, म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास रक्त जाईपर्यंत नुसता रक्तदाब बघणाऱ्याला चाहूलही लागणार नाही, असे होऊ शकते. व्याख्यानात हे वाक्य मी वर्षानुवर्षे सांगत आले होते. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेत आणि वॉर्डात गेले की पुन्हा रक्तदाबाच्याच आकड्याकडे बघत.

कार्यपत्रिकेचा शेवट उपयोजनाने व्हायला हवा, आणि उपयोजन म्हणजे तोच प्रश्न नव्या नावाने विचारणे नव्हे. मी दुसरा रुग्ण देते: ७० वर्षांच्या आजी, हीच शस्त्रक्रिया, पण त्या रोज बीटा ब्लॉकरची, म्हणजे हृदयाचे ठोके संथ ठेवणाऱ्या औषधाची, गोळी घेतात. त्यांची नाडी ७२ वरच आहे. श्वसन वाढले आहे, लघवी घटली आहे, हात गार आहेत. गट आधी ‘नाडी नॉर्मल आहे, म्हणजे धोका नाही’ असे लिहितो, मग कोणीतरी खोडतो, मग भांडण होते. ते भांडण होऊ द्या, त्यासाठीच तुम्ही चारजणांना एकत्र बसवले आहे. शेवटचे काम: चार वाजताच्या आकड्यांवर डॉक्टरांना फोन करायचा आहे, अर्ध्या मिनिटात काय बोलाल ते लिहा. परिस्थिती, पार्श्वभूमी, निष्कर्ष आणि मागणी या क्रमाने, म्हणजे तुम्ही ‘एसबार’ नावाने शिकवता तसे. ‘रक्तदाब ११८ आहे, पण...’ हे ‘पण’ नीट उच्चारता येणे हेच त्या तासाचे फळ.

आता गटांविषयी. साठ विद्यार्थ्यांचे चार-चारांचे पंधरा गट करा. गट तुम्ही ठरवा. मैत्रिणींचे गट मैत्रिणींच्याच गप्पा मारतात. भूमिका चार: गटप्रमुख वेळ सांभाळतो आणि प्रत्येकाला बोलायला लावतो, लेखनिक गटाच्या एकमेव अधिकृत कागदावर उत्तर लिहितो, प्रवक्ता वर्गासमोर बोलतो, आणि निरीक्षक गट कसा चालला आहे यावर नजर ठेवून शेवटी दोन वाक्ये सांगतो. भूमिका दर वेळी फिरवा. तुमच्या त्या हुशार मुलीला पहिल्याच तासाला लेखनिक करू नका, नाहीतर जुना खेळ नव्याने सुरू होईल. तिला गटप्रमुख करा आणि सांगा की तिने उत्तर द्यायचे नाही, फक्त विचारायचे: ‘तुला हे कशावरून वाटते?’ पहिली दहा मिनिटे तिला ते जड जाईल. पण उद्या ती वॉर्डाची इन्चार्ज होणार आहे, आणि सगळे स्वतःच करून टाकणाऱ्या इन्चार्जच्या हाताखाली कोणीही तयार होत नाही, हे तुम्ही आणि मी पुरेसे पाहिले आहे.

गप्प बसणाऱ्या विद्यार्थ्याची काळजी वेगळी घ्यावी लागते. प्रवक्त्याची भूमिका फिरती असली तरी कधीकधी चिठ्ठी काढून कोणत्याही एकाला उत्तर विचारा. आपल्याला बोलावे लागू शकते हे कळले की माणूस ऐकू लागतो, आणि आपला साथीदार अडला तर गटाची फजिती होणार हे कळले की हुशार मुलगी समजावून सांगू लागते. मात्र अडखळणाऱ्याची टर उडवली जाणार नाही याची हमी पहिल्याच दिवशी तुमच्या वागण्यातून मिळाली पाहिजे. ज्युनिअर सिस्टरने सीनिअरला ‘मला हे ठीक वाटत नाही’ असे सांगण्याची हिंमत वॉर्डात अचानक येत नाही. चार समवयस्कांसमोर ती आधी आलेली असावी लागते.

पंधरा गट आणि एक शिक्षिका हे गणित कसे जमवायचे, हा खरा प्रश्न आहे. कार्यपत्रिकेत दोन ठिकाणी ठळक अक्षरांत ‘येथे थांबा’ असे लिहा: एकदा तिसऱ्या प्रश्नानंतर आणि एकदा उपयोजनाच्या आधी. तिथे उत्तराचे पर्याय द्या, आणि सर्व गटांनी एकाच वेळी आपल्या पर्यायाचे कार्ड वर करायचे. पंधरा कार्डांकडे एक नजर टाकली की कोण कुठे अडले ते दिसते आणि पंधरा मांडण्या ऐकण्यात तास जात नाही. ज्या दोन गटांची कार्डे वेगळी आहेत, त्यांनाच बोलते करा.

मी स्वतः ही पद्धत पहिल्यांदा वापरली तेव्हा वेगळीच चूक केली होती. कार्यपत्रिका बरी होती, गट चारजणांचे होते, भूमिका दिल्या होत्या. पण कोणी हात वर केला की मी तिथे जाऊन उत्तर सांगत होते. पहिल्या गटाला दोन वाक्यांत, दुसऱ्याला चार वाक्यांत, आणि पाचव्या गटापाशी पोहोचेपर्यंत माझे अगदी घोटून तयार झालेले व्याख्यान सुरू झाले होते. उरलेले गट पेन खाली ठेवून आपली पाळी येण्याची वाट बघत होते. मागे बसलेल्या एका विद्यार्थिनीने शेजारणीला सांगितलेले मला स्पष्ट ऐकू आले: ‘थांब ना, मॅडम येऊन सांगतीलच.’ त्या दिवसानंतर मी स्वतःपुरती तीनच वाक्ये ठरवून घेतली. ‘हे तक्त्यात कुठे दिसते?’ ‘तुमच्या गटात याच्याशी न पटणारे कोणी आहे का?’ ‘हे खरे असेल तर पुढच्या तासाला काय दिसायला हवे?’ या तिघांपैकी एक वाक्य बोलायचे आणि पुढच्या गटाकडे जायचे. जिभेवर आलेले उत्तर गिळणे हे शिक्षकाला फार अवघड जाते. आमच्या पिढीला तर उत्तर देण्याचाच पगार मिळत होता.

‘तुम्ही शिकवत का नाही?’ ही तक्रार तुम्हाला लागली आहे, हे पत्रातून दिसते. ती अर्धी खरी आहे आणि अर्धी फसवी. फसव्या अर्ध्याविषयी एक चांगला पुरावा आहे. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या प्राथमिक वर्गात केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच पाठ काहींनी निष्णात व्याख्यात्याकडून ऐकला आणि काहींनी गटांत प्रश्न सोडवत शिकला. गटांत शिकलेल्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण ‘आपण किती शिकलो’ असे विचारल्यावर त्यांनीच कमी शिकल्याचे सांगितले. ओघवते व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते. स्वतः धडपडताना आपले अज्ञान पदोपदी टोचते, आणि ते टोचणे विद्यार्थ्याला न शिकल्यासारखे भासते. हे तुमच्या वर्गाला उघडपणे सांगा. पहिल्याच तासाला पाच मिनिटे काढून सांगा की तुम्हाला अस्वस्थ वाटेल, आणि ते का वाटेल. विद्यार्थी आपण समजतो त्याहून समंजस असतात, फक्त त्यांना विश्वासात घ्यावे लागते.

खरा अर्धा भाग असा की तुमच्या त्या दोन आठवड्यांत शेवटी कोणीही पाठ बांधून दिला नाही. दहा गटांनी दहा उतारे वाचले, त्यांतले बरोबर काय आणि अपुरे काय हे कोणी सांगितले नाही, आणि विद्यार्थी रिकाम्या हाताने घरी गेले. शोध-अध्ययनात शिक्षक बोलतच नाही हा गैरसमज आहे. तो शेवटी बोलतो. तासाची शेवटची सात-आठ मिनिटे राखून ठेवा आणि त्या वेळात नेमके, ठाम, फळ्यावर लिहून बोला: आज काय सापडले, कोणत्या दोन गटांच्या उत्तरात कोणती गफलत होती, आणि परीक्षेत व वॉर्डात हे कोणत्या शब्दांत मांडायचे. आपल्या विषयात हे टाळून चालत नाही. इतिहासाच्या वर्गातून चुकीची समजूत घेऊन बाहेर पडलेला विद्यार्थी कोणाचे प्राण घेत नाही. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या आजींची नाडी ७२ म्हणून निर्धास्त झालेली विद्यार्थिनी आपल्याला परवडणार नाही.

अभ्यासक्रम राहून जाईल, या सहकाऱ्यांच्या भीतीला थट्टेवारी नेऊ नका, कारण सगळा अभ्यासक्रम असा शिकवायचा ठरवलात तर तो खरोखरच राहील. सगळा शिकवायचा नाहीच. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघा अभ्यासकांनी २००६ मध्ये मांडलेला आक्षेप मला अजूनही विचारात घेण्याजोगा वाटतो: नवशिक्याला पुरेशा मार्गदर्शनाविना शोधायला सोडले की त्याची स्मृती ओझ्याखाली दबते आणि शिकणे घटते. आपल्या पद्धतीच्या नावात ‘मार्गदर्शित’ हा शब्द आहे तो याचसाठी, आणि काही गोष्टींना शोधाची गरजच नसते. हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीवर ३० दाब आणि २ श्वास हे प्रमाण कोणत्याही गटाने शोधून काढायचे नाही. ते सांगायचे आणि हात दुखेपर्यंत करून घ्यायचे. निर्जंतुक हातमोजे घालण्याची रीत, औषधांची नावे, कायदेशीर नोंदींचे नियम, यांसाठी सरळ सांगणे, करून दाखवणे आणि सराव हाच मार्ग आहे.

शोधाचे धडे तिथे ठेवा जिथे दोन-तीन आकड्यांमध्ये नाते आहे आणि जिथे पाठांतर वॉर्डात हमखास दगा देते. तुमच्या विषयात असे सहा-सात विषय सहज सापडतील. धमनीतील रक्तवायूंचा अहवाल हा तर जणू याच पद्धतीसाठी घडवलेला आहे: पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५, बायकार्बोनेट २२ ते २६ या मर्यादा देऊन चार रुग्णांचे अहवाल समोर ठेवले, की श्वसनाचा दोष कोणता आणि चयापचयाचा कोणता हे विद्यार्थी स्वतः वेगळे करतात, आणि कोणता आकडा वर, कोणता खाली हे बाणांनी लक्षात ठेवण्याची ती युक्ती पाठ करण्याची वेळ येत नाही. निरनिराळ्या सलाईनमुळे पेशीत पाणी जाते की बाहेर येते, पोटॅशियम आणि ईसीजीतील बदल, इन्सुलिनच्या प्रकारांच्या वेळा आणि साखर अचानक उतरण्याची शक्यता, हे असेच. सत्रभरात सहा कार्यपत्रिका झाल्या तरी मी तुम्हाला शाबासकी देईन. पहिल्या वर्षी मी तीनच केल्या होत्या, आणि त्यांतली एक टाकून द्यावी लागली.

गुणांविषयी तुम्ही विचारले नाही, पण पुढच्या महिन्यात विचाराल. गटाच्या कागदाला मोठे गुण ठेवू नका, नाहीतर पुन्हा सर्वांत नीटस अक्षराची मुलगी लिहीत बसेल. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांची चाचणी एकेकट्याने घ्या, तीही नव्या तक्त्यावर. गुण त्या चाचणीला. मायकेलसन यांच्या पद्धतीतून उचलण्यासारखी एक गोष्ट म्हणजे एकट्याची चाचणी संपल्यावर लगेच तीच चाचणी गटाला देणे; स्वतः चुकलेल्या उत्तराबद्दल साथीदाराशी वाद घालताना विद्यार्थी जे शिकतो ते आपण तपासलेल्या उत्तरपत्रिकेवरच्या लाल शेऱ्यातून क्वचितच शिकतो.

क्लिनिकल पोस्टिंगला जाताना हा धागा सोडू नका. पुढच्या वेळी वॉर्डात विद्यार्थ्यांसोबत असाल तेव्हा एखाद्या खऱ्या रुग्णाचा चार्ट, रुग्णाची ओळख उघड न करता, चौघांसमोर धरा आणि विचारा की गेल्या चार तासांत सर्वांत आधी काय हलले. तुमच्या कार्यपत्रिकेचा उपयोग झाला की नाही ते तिथे कळेल. आणि एक गोष्ट हमखास दिसेल, ती म्हणजे श्वसनाचा रकाना. बऱ्याच चार्टांवर तो तासन् तास एकाच आकड्याने भरलेला असतो, जणू माणूस घड्याळाच्या काट्यावर श्वास घेतो. दोनाचे तीन वाजताना १६ चे २० झालेले ज्याने एकदा स्वतः शोधले आहे, तो विद्यार्थी तो रकाना अंदाजाने भरताना निदान कचरेल.

आता लगेच करायचे काम. प्रतिनिधींना बोलावून सांगा की तुमची तक्रार मी ऐकली, पद्धत बदलते आहे, दोन आठवड्यांनी एका तासापुरती नव्याने करून बघू आणि मग बोलू. तोपर्यंत व्याख्याने नेहमीसारखी चालू द्या, त्यात कमीपणा काही नाही. या दोन आठवड्यांत एकच कार्यपत्रिका बनवा, शॉकची नको, तो विषय तुमच्या वर्गात सध्या पोळलेला आहे, रक्तवायूंची बनवा. तयार झाली की ती वर्गात नेण्याआधी वरच्या वर्षाच्या तीन-चार विद्यार्थ्यांना द्या आणि शेजारी बसून, काहीही न बोलता, ते कुठे थांबतात ते बघा. पहिल्या प्रश्नाला थांबले तर प्रश्न अवघड आहे. न थांबता शेवटपर्यंत गेले तर तुम्ही सगळी उत्तरे आधीच प्रश्नात लिहून ठेवली आहेत. मग सुधारा, आणि सुधारलेली प्रत मलाही पाठवा. मी तिसरा प्रश्न आधी वाचेन.